न प्यायलेली कॉफी

टेकडीवर इस्रायली लष्कराची जीप थांबली, तिच्यामागे बुलडोझर. आज आमचं घर पडणार, हे कुत्र्यालाही कळलं होतं. आणि नेमके आजच नॉर्वेचे विद्यार्थी हेब्रॉनजवळच्या आमच्या वाडीचं जगणं समजून घ्यायला आले होते. त्यांची दुभाषी मीच.

"कॉफी प्या आणि बसमध्ये बसा," माझे सासरे अबू नायफ त्यांच्यावर खेकसले. "तुम्हाला काही झालं तर मी तोंड कुठं दाखवू?"

सुनिवा नावाच्या मुलीनं कप न पिताच खाली ठेवला.

सासरे थबकले. आमच्यात पाहुण्यानं असा कप ठेवला, की त्याचं काही मागणं असतं. यजमान 'हो' म्हणेपर्यंत तो पीत नाही.

"काय हवंय हिला?"

"इथंच थांबायचंय म्हणते."

त्यांनी माझ्यावर डोळे वटारले. "हे हिला तू शिकवलंस?"

"पाहुण्यांना रीतभात सांग, असं तुम्हीच म्हणालात, मामंजी."

बाकीच्यांनीही कप खाली ठेवले. तेवढ्यात जीप दारात आली.

"घर रिकामं करा!" अधिकारी ओरडला.

सासरे उंबऱ्यात जाऊन उभे राहिले. "करतो की. पाहुण्यांची कॉफी तेवढी संपू दे."

'हो' मात्र त्यांनी अजून म्हटलं नव्हतं.