सात एक्क्यांची संख्या

शाळेत गणित मी शिकवते आणि बाबांची शाबासकी मिळते वहिनीला. आता बोला. ही माझ्या दादाची बायको, दिवसभर दुकानात लोकांच्या पँटी आखूड करते. बाबांची नजर अधू झाली तसं हिनं त्यांच्या वहीतले आकडे वाचून दाखवायला सुरुवात केली, आणि तेवढ्यावर त्यांच्या गळ्यातला ताईत होऊन बसली. "हिचं काम स्वच्छ असतं," बाबा म्हणतात. मग माझं काय बरबटलेलं असतं?

ती वही म्हणजे बाबांचा जीव. चाळीस वर्षं त्यांनी छापखान्यात गणिती तक्ते तपासले आणि घरी येऊन मोठमोठ्या संख्यांचे अवयव पाडले. ज्यांचे पडत नाहीत त्या मूळ संख्या लाल शाईनं लिहिल्या. आता ती वही पुढे कुणीतरी चालवायला हवी होती. मला ती हवी होती. लेक मी आहे.

बाबांनी दोघींना एकच संख्या दिली: ओळीनं सात एक्के, १११११११. तिचं वर्गमूळ एक हजार चोपन्नच्या जेमतेम पुढे, म्हणून तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. एकशे सत्त्याहत्तर भागाकार! एकदा जरी बाकी शून्य आली, तरी संख्या मूळ नाही. दोघींनी आपापल्या कागदावर भागायचं, मग बाबांसमोर एकीनं बाकी वाचायची, दुसरीनं 'जुळतं' म्हणायचं. जिची बाकी चुकेल तिला वही नाही. दोघींचं बरोबर आलं, तर आधी संपवेल तिची.

मी चार दिवसांत उरकलं. वहिनीला आठ लागले.

रविवारी मी वाचत गेले, ती जुळतं जुळतं करत गेली. दोनशे एकोणचाळीसपाशी ती अडली. "बाकी अडतीस," मी पुन्हा ठासून म्हटलं.

"जुळतं," ती म्हणाली.

शेवटी बाबांनी संख्या लाल शाईनं लिहायला सांगितली आणि दोघींचे कागद आत घालून वही माझ्या हातात दिली. खोटं कशाला बोलू, वहिनीचा उतरलेला चेहरा बघून फार बरं वाटलं.

घरी येऊन मी तिचा कागद काढला. एखादी चूक सापडावी म्हणून, दुसरं काय. आणि सापडली की! दोनशे एकोणचाळीसपुढे बाकी शून्य. म्हटलं, बाईसाहेब, सापडलात. खात्रीसाठी पुन्हा भागलं. अकराशे अकरातून नऊशे छप्पन्न गेले, राहिले एकशे पंचावन्न. माझ्या कागदावर एकशे पंचेचाळीस होते. पुढे भागत गेले. भागाकार चार हजार सहाशे एकोणपन्नास, बाकी शून्य.

म्हणजे तिनं मला सांभाळून घेतलं होतं. त्याचा मला जास्तच राग आला.

दुसऱ्या दिवशी शाळेआधी बाबांकडे गेले. वहिनी दुकानात गेली होती. वही त्यांच्या मांडीवर ठेवली. "ती संख्या मूळ नाही. माझं चुकलं, वहिनीचं बरोबर होतं. वही तिला द्या."

बाबा वहीवरून हात फिरवत राहिले. "मग ती जुळतं का म्हणाली?"

"तिलाच विचारा," मी म्हटलं. का म्हणाली ते मला ठाऊक होतं. पण ते सांगायचं म्हणजे माझ्याच तोंडानं तिचं कौतुक करायचं. वही दिली, तेवढं पुष्कळ झालं.