कासवाचा कूलर

शेतावरच्या त्या गाडीला घरात सगळे कासव म्हणत. चार बसकी चाकं, दोघांपुरती सीट, मागे माल टाकायचा हौदा आणि पायी चालणाऱ्यानेही मागे टाकावा असा वेग. पण या कासवाच्या पाठीतून एक लोखंडी हात वर जायचा आणि त्या हाताच्या टोकाला कठडा लावलेला पाळणा होता; गाडी आणि हात हलवायचे दांडे त्या पाळण्यातच होते. पाळण्यात उभं राहिलं की माणूस संत्र्याच्या झाडाच्या शेंड्याशी तोंडाला तोंड लावून बोलू शकत असे. ताई तशी बोलतही असे, आणि आपण हे स्वतःच्या कानांनी ऐकलंय असं तिचा धाकटा भाऊ शपथेवर सांगायचा.

बाग अर्धी ताईची, अर्धी भावाची. ही वाटणी कागदावरची. झाडांवर मात्र सगळा हात ताईचा. तोडणी झाली की झाडाच्या पोटातली वाळकी काडी, जिला ती सल म्हणायची, एकेक करून काढणं हे तिचं काम. सल राहिली की झाड आतून वाळत जातं आणि वरून मात्र हिरवंगार दिसत राहतं, अगदी काही माणसांसारखं. शिडीवरून पडून तिचा खुबा मोडला त्याला बराच काळ झाला होता. हाड जुळलं, शिडीशी नातं तुटलं ते तुटलंच. मग तिने भावाच्या मागे लागून हा पाळणा करून घेतला. कामाला जाताना ती कमरेला रुंद पट्टा आवळायची, त्यामुळे कंबर कसणं हे तिच्या बाबतीत नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं.

पाळण्याचं दुखणं एकच होतं. सकाळी तो खांबासारखा ताठ असे. ऊन चढायला लागलं की हात उचलणारं हायड्रॉलिकचं तेल तापून पाण्यासारखं पातळ होई आणि वरचा भार पेलून धरणारा जॅक हळूहळू दम सोडे. पाळणा कोसळत नसे, वीत वीत खाली येत असे. फांदीला कात्री लावावी आणि फांदीच वर निघून जावी. गेल्या हंगामात ताईच्या सदऱ्याची बाही एका फांदीत अडकली. पाळणा खाली निघाला, हात वर राहिला आणि ताई मधल्यामध्ये लटकली. भावाने धावत येऊन तिला सोडवलं. ताईने बाही शिवून घेतली आणि विषय संपवला. भावाने संपवला नाही.

"या वेळी ठेकेदाराला सांगतो," जेवताना तो म्हणाला. "यंत्राची करवत घेऊन येतो तो. सगळे शेंडे एका रेषेत उडवतो आणि जातो."

"न्हावी आहे का तो? सल आत असते रे. शेंडा उडवून आतली सल जाते होय?"

"नाही जात," भाऊ म्हणाला. "पण तू राहतेस."

ताईचे यजमान, म्हणजे शिवणकाम करणारे मास्तर, भाताचा घास हातात धरून दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले.

"तेल तापतं म्हणून पाळणा बसतो," ताई म्हणाली. "तेल गार ठेवलं तर?"

"तुझ्या त्या फिटरने पंप बदलला तेव्हाही तू असंच बोलली होतीस. ठीक आहे. एक दिवस देतो. माझ्यासमोर. सकाळपासून ऊन उतरेपर्यंत पाळणा जागचा हलला नाही, तर सल तू काढ, मी तोंडातून शब्द काढणार नाही. हलला, तर किल्ली माझ्या खिशात आणि ठेकेदाराला होकार. कायमचा."

"ठरलं," ताई म्हणाली आणि ताक वाढायला उठली.

फिटरच्या लेखी जगातला प्रत्येक बिघाड पंपाचाच होता. त्याच्या सासऱ्यांना दम लागायचा तर तोही पंपच. ताईने त्याला भंगाराच्या आवारात नेलं, मोडक्या कापणी यंत्राचा ऑइल कूलर उतरवून घेतला आणि समोर ठेवून विचारलं, "हा कासवाला बसेल?"

कूलर म्हणजे लहानसा रेडिएटरच: बारीक नळ्या, त्यांच्यामध्ये पातळ पत्र्याच्या घड्या आणि पाठीला बॅटरीवर फिरणारा पंखा. गरम तेल एका तोंडातून आत, पंख्याने वारा ओढला की गार होऊन दुसऱ्या तोंडातून बाहेर.

"बसेल की. इंजिनाच्या रेडिएटरपुढे लावून टाकू, आयता वारा मिळेल."

"आणि तेलाची धग इंजिनाच्या तोंडावर? मग इंजिनाला कोण वारा घालणार, तू?"

फिटरने डोकं खाजवलं. जागा शोधता शोधता दुपार झाली. शेवटी सीटच्या मागे, हौद्याच्या भिंतीला लोखंडी पट्ट्यांचा चौकोन जोडून त्यात कूलर उभा केला, आणि गाडीच्या हादऱ्याने नळ्या चिरू नयेत म्हणून चौकोनाखाली जुन्या टायरचे तुकडे घातले. समोरून फांद्या लागू नयेत म्हणून जाळी. नळी जोडायची वेळ आली तेव्हा फिटर पंपाकडून जॅककडे जाणारी नळी कापायला निघाला. ताईने त्याचं मनगट धरलं.

"तिथे जॅक उचलणारा सगळा जोर असतो. हे पातळ पोट फुटेल. टाकीकडे परत येणारी नळी घे, तिथे तेल निवांत असतं."

"तेच म्हणत होतो मी," फिटर म्हणाला. त्याचा हा गुण ताईला आवडायचा. पटलं की ते आधीपासून आपलंच होतं असं तो मानायचा, त्यामुळे त्याच्याशी भांडण कधी लांबत नसे.

नवं तेल भरलं. पाळणा रिकामाच वरखाली करून नळ्यांतली हवा काढली, टाकीत पातळी उतरली तेवढं पुन्हा भरलं, जोड कोरड्या फडक्याने पुसून पुन्हा पुन्हा पाहिले. एक थेंब नाही. पंखा घुमायला लागला तेव्हा ताईने त्याच्यापुढे तळहात धरला आणि लहान मुलीसारखी हसली.

चाचणीच्या दिवशी सकाळी बागेत अजून धुकं होतं. भाऊ खुर्ची घेऊन पहिल्या ओळीच्या टोकाला ठाण मांडून बसला. ताईने पट्टा आवळला, गाडी सुरू केली, पंख्याची घरघर कानावर आल्यावर समाधानाने मान हलवली आणि पाळण्यात चढली. मागे वाकून बघणं तिच्या खुब्याला परवडत नसे.

पहिलं झाड झालं, दुसरं झालं. कात्रीचा कट् कट् आवाज एका लयीत येत होता आणि खाली वाळक्या काड्यांचा ढीग वाढत होता. धुकं विरलं. ऊन पाठीवर आलं. भावाने खुर्ची सावलीत सरकवली. सहाव्या की सातव्या झाडाशी ताईने डोळ्यांसमोरच्या काडीला कात्री लावली आणि काडी कपाळाशी गेली. तिने पाय घट्ट रोवले, जणू पायांच्या जोरावर पाळणा धरता आला असता. काडी आणखी वर गेली.

"ताई, खाली उतर," भाऊ म्हणाला. तो ओरडला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

ती उतरली. भावाने इंजिन बंद करायला हात पुढे केला तेव्हा ती म्हणाली, "चालू राहू दे. एवढं ऐक." तो थांबला. ती गाडीला धरून धरून मागे गेली. कूलरमध्ये जाणाऱ्या नळीला बोट लावलं, चटका बसला. बाहेर येणाऱ्या नळीला लावलं, तसाच चटका. पंखा तर फिरत होता. तिने पंख्यापुढे तळहात धरला. वारा नाही. मग ती खुब्याची पर्वा न करता वाकली आणि जाळीतून बोटं आत घातली. बोटांना कापड लागलं.

हिरवं, गाडीच्याच रंगाचं जाड कापड. कूलरच्या तोंडावर अगदी मापात बसवलेलं, कडेने दुहेरी टीप, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून मेणाच्या दोऱ्याने चौकोनाला हातटाके घालून पक्कं केलेलं. असे टाके घालणारा माणूस त्या घरात एकच होता. मास्तरांच्या घरात मिक्सरला खोळ होती, टीव्हीला होती, शिलाई मशीनला तर घरातली आणि प्रवासातली अशा दोन होत्या. नवी वस्तू उघडी दिसली की त्यांचा हात आपोआप गळ्यातल्या टेपकडे जायचा.

मास्तर नेमके त्याच वेळी चहाची किटली घेऊन येत होते. ताईचा चेहरा पाहून ते वाटेतच थांबले.

"मास्तर," ती म्हणाली. एरवी ती त्यांना अहो म्हणायची. मास्तर म्हटलं की प्रकरण गंभीर. "हे तुम्ही शिवलंत?"

"काल संध्याकाळी. नुसती धूळ बसत होती गं त्या घड्यांत. म्हटलं एवढा जीव टाकून बसवलायस, घाण नको व्हायला."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवऱ्याच्या मायेने आपला घात केला, आणि तोही इतक्या सुबक टाक्यांनी, हे तिला सोसवेना. तिला रडायला येत होतं आणि ते येऊ द्यायचं नव्हतं.

भाऊ मागे येऊन उभा राहिला होता. "दाजी, कमाल केलीत," तो म्हणाला. मग किल्लीकडे हात नेला. "पण अट म्हणजे अट, ताई. पाळणा हलला."

"गाडीचा श्वास कोंडला म्हणून हलला. नाक दाबून कुणाला पळायला लावशील आणि मग म्हणशील दम नाही?"

"आज कापड निघालं. उद्या पानं अडकतील, परवा पंखा बंद पडेल. वर असणार तूच ना?" त्याचा आवाज चिरकला. "मला तुझ्या तेलाशी काही घेणंदेणं नाही. मी तुला शिडीवरून पडताना बघितलंय. तो आवाज अजून माझ्या कानांतून जात नाही."

ताईने भावाकडे नीट पाहिलं. इतके दिवस तिला वाटायचं, याला बागेची कटकट नको झालीय. तिला स्वतःचीच लाज वाटली, पण म्हणून तिचा निश्चय हलला नाही.

"तू बघितलंस," ती म्हणाली. "पडले मी. तेव्हा माझी भीती तुझ्या भीतीहून थोरली आहे. रोज तिला घेऊनच चढते वर. खाली बसून ती जाणार नाही रे. आणि माझं काय राहील मग? खिडकीतून ठेकेदाराची करवत ऐकत बसू?"

मास्तरांनी किटली जमिनीवर ठेवली, पुढे झाले आणि ताईच्या हातातली छाटणीची कात्री मागून घेतली. त्यांनी आयुष्यात स्वतःचं शिवलेलं कधी कापलं नव्हतं. चुकलं तर ते टाका टाका उसवत, कापड वाचवत. आता त्यांनी जाळी बाजूला सारली, कात्रीचं टोक कापडात खुपसलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ फाडत नेलं. दोऱ्यांसकट तो तुकडा ओढून काढला आणि खिशात कोंबला.

"अट तू तिच्याशी केली होतीस," ते मेहुण्याला म्हणाले. "मध्ये मी आलो. आता नाही येणार."

पंख्यातून गरम हवेचा झोत निघाला आणि खालचा पाचोळा उडाला. ताईने भावाचा हात धरून बाहेर येणाऱ्या नळीवर ठेवला. त्याने चटक्याने मागे घेतला. "पुन्हा ठेव," ती म्हणाली. "आणि ठेवूनच उभा राहा. भाजलं की गाडी बंद कर. मी एक अक्षर न बोलता उतरेन आणि किल्ली स्वतः तुझ्या हातात देईन. पण ते तुझ्या हाताने ठरू दे, तुझ्या कानातल्या आवाजाने नाही."

मग त्याने हात ठेवला, उचलला, ठेवला. मास्तरांनी चहा ओतला, तो त्याने डाव्या हाताने घेतला. चहा संपत आला तेव्हा उजवा हात नळीवर तसाच होता, पुरा टेकलेला. तो वाकून नळीकडे बघत होता, तापल्या पोराच्या कपाळाला हात लावून बघावं तसा.

ताईने विचारलं नाही. ती पट्टा आवळून पाळण्यात चढली.

सूर्य डोक्यावर होता. याच वेळी आजवर दरवेळी पाळणा बसायचा. ती डोळ्यांसमोरच्या एका वाळक्या काडीवर नजर लावून उभी राहिली आणि कात्री लावायचं धाडस तिला होईना. काडी कपाळाशी जाईल, भुवईशी जाईल, असं वाटत राहिलं. काडी होती तिथेच राहिली. तिने ती कापली. मग पलीकडची. मग आत खोल हात घालून एक जुनी, जाड, कित्येक हंगाम चुकवलेली सल.

एक झाड झालं, कासव पुढच्या झाडाखाली सरकलं. भाऊही बरोबर सरकला, नळीवरचा हात न काढता, कुणाला आधार देत चालावं तसा. ओळ संपली, दुसरी लागली. मास्तर खाली काड्यांच्या मोळ्या बांधत होते. ऊन कलायला लागलं तरी कुणी घराचं नाव काढलं नाही.

शेवटच्या झाडाशी ताईला राहवलं नाही. तिने कठड्यावरून खाली पाहिलं. "तापलीय का रे?"

भाऊ मान वर करून तिच्याकडे बघत होता. वर बघून बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, उन्हाने म्हणा.

"कोमट आहे," तो म्हणाला. "तू काप."