चंद्राचा हात

अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. भिवंडीहून रिक्षाने अंजूरच्या शाळेत शिकवायला जायचे मी. त्या दिवशी चौथीतली चंद्रा मधल्या सुट्टीनंतर वर्गात आलीच नाही. शोधली, तर पाण्याच्या टाकीमागे रडत बसलेली. रविवारी वज्रेश्वरीच्या जत्रेत आजी तिला गोंदून आणणार होती. गेल्या वर्षी थोरल्या बहिणीला गोंदलं, तर तिचा हात पिकला. महिनाभर पोर तापाने फणफणत होती. चंद्राला गोंदण नको होतं, आणि घरात तिला कोणी विचारलंच नव्हतं.

माझं डोकंच फिरलं. हेडमास्तर तात्या म्हणाले, अनसूयाबाई, लोकांच्या घरच्या भानगडीत आपण पडू नये. तात्या कशातच पडत नसत. शाळा सुटल्यावर पर्स, डबा, पट्टी सगळं घेऊन मी तडक चंद्राच्या घरी गेले.

तिची आजी, गुणाबाई, ओटीवर सूप घेऊन सुकट निवडत होती. मी तासभर बोलले. सुईचं सांगितलं, पिकलेल्या हाताची आठवण दिली, डॉक्टरांचं नाव घेतलं. तिचं एकच पालुपद: मेल्यावर सोनंनाणं इथंच राहतं, गोंदण तेवढं संगती येतं, आणि बिनगोंदल्या सुनेच्या हातचं पाणी कोण पिणार? अहो, दहा वर्षांची पोर, आणि हिला तिच्या मरणाची नि सासरची घाई! वर मलाच चहा घ्या म्हणते. कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

शेवटी माझा आवाज चढलाच. "गुणाबाई, अंग तिचं आहे. तिला विचारल्याशिवाय त्याला हात लावायचा कोणाला हक्क नाही."

तो कोवळा हात आजीला दाखवावा म्हणून मी चंद्राला पुढे बोलावलं. पट्टी माझ्या हातातच होती. चंद्रा आली, समोर उभी राहिली, मुकाट्याने तळहात पुढे केला आणि डोळे गच्च मिटले.

रोज वर्गात करायची तस्संच.

गुणाबाईचा सुपातला हात थांबला. "ह्ये इचारून मारता व्हय, बाई?"

कालच पाढा चुकला म्हणून दोन दिल्या होत्या. लाजेने कान तापले माझे. रागही आला, तात्यांचा, गुणाबाईचा, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा. म्हणे हक्क! पट्टी मी ओटीवर ठेवून दिली.

म्हातारीला काय वाटलं कोण जाणे. तिने नातीची हनुवटी वर केली. "डोले उघड गं. तुला काय पायजे, तूच सांग."

चंद्राने आधी आजीकडे पाहिलं, मग पट्टीकडे. पुढे केलेला हात परकराला पुसून तिने पाठीमागे नेला.

"न्हाय पायजे."

"काय नको?" मी विचारलं.

"दोनी," चंद्रा म्हणाली.