उन्हाची आगोट

वाळवंटात वायपर हवा कशाला, असं मला आजही कोणी विचारलं की माझं डोकं फिरतं. विचारणाऱ्याला मी खुर्ची देते, चहा देते आणि गोष्ट संपेपर्यंत उठू देत नाही. घरात सगळ्यांना ती पाठ आहे. मी सुरुवात केली की नातवंडं "ओह नो दादी, नॉट द वायपर स्टोरी अगेन" म्हणत आत पळतात. पळू देत.

गोष्ट माझी आणि यूनुसची. यूनुस म्हणजे माझे मिस्टर. तेव्हा मी त्यांचं नाव तोंडातून काढत नसे, आता पंचाहत्तरी उलटल्यावर लाज कसली!

छप्पन्न साली आमचं लग्न झालं, रत्नागिरीजवळच्या गावात. महिन्याभरात ते बोटीवर कामाला गेले आणि पुढे दुबईला उतरून गाड्यांच्या कामाला लागले. सहा वर्षांत तीनदा घरी आले. सगळे दिवस जोडले तरी नऊ महिने भरत नव्हते. नवऱ्याचा चेहरा आठवायचा तर मला डोळे मिटावे लागत, पत्रातलं अक्षर मात्र लांबून ओळखू येई. मग बासष्टच्या ऑक्टोबरात त्यांच्या कंपनीच्या गोऱ्या साहेबानं परवानगी दिली, की वर्कशॉपच्या मिस्त्रीनं बायको आणावी, खोली कंपनी देईल. मी त्याच आठवड्यात ट्रंक भरली. खोली म्हणजे खजुराच्या झापांच्या भिंती आणि वर तसंच छप्पर. पण दार माझं होतं, आणि संध्याकाळी त्या दारातून माझा नवरा घरात यायचा. मला आणखी काही नको होतं.

कंपनी जमिनीची मोजणी करणारी. तिच्या सहा लँड रोव्हर गाड्या यूनुसच्या ताब्यात. डांबरी रस्ता औषधालाही नव्हता. दुबईहून शारजा किंवा अजमानला जायचं तर वाळूतून, नाहीतर सबखातून. सबखा म्हणजे समुद्रालगतची खारट सपाट जमीन. वरून पापडासारखी कोरडी, आणि पाणी पडलं की चाक गिळणारा चिखल. पाऊस वर्षातून चारदोन वेळा, तोही हिवाळ्यात.

मी आले त्याच डिसेंबरात तो पडला. साहेब अजमानहून परतत होता. ड्रायव्हरनं वायपरचं बटण दाबलं आणि दुसऱ्याच फेरीत दोन्ही रबरांचा भुगा झाला. उघडं लोखंड काचेवर करकरत राहिलं. पुढचं काही दिसेना, म्हणून ड्रायव्हर खिडकीतून डोकं बाहेर काढून गाडी हाकू लागला आणि त्यानं ती सरळ सबखात नेऊन घातली. साहेब चार मैल चिखल तुडवत शारजाला पोचला. दुसऱ्या दिवशी तो वर्कशॉपमध्ये आला तो हातात वायपरची नागडी दांडी घेऊनच.

साहेब पूर्वी कराचीत नोकरीला होता, त्यामुळे त्याला कामापुरतं हिंदी येत होतं.

"यूनुस, ये कब बदला था?"

"मई में, साहब. सहा गाड्या, बारा रबर. सब ब्रँड न्यू."

"मई में क्यूँ?"

"बारिश के पहले, साहब," यूनुस म्हणाले.

तिथे उभे असलेले सगळे ड्रायव्हर खो खो हसले. यूनुसना क्षणभर कळेचना की हसण्यासारखं काय झालं.

मला मात्र घरी ऐकल्या ऐकल्या कळलं, कारण मीही तेच केलं असतं. आमच्या कोकणात मिरग, म्हणजे जूनचं मृग नक्षत्र, लागायच्या आत सगळं तयार हवं. कौलं परतायची, होड्या ओढून वर घ्यायच्या, लाकडं आणि सुकी मासळी भरून ठेवायची. या सगळ्या बेगमीला आम्ही आगोट म्हणतो. ती अंगात अशी मुरलेली असते की मे संपत आला की हात आपोआप कामाला लागतात. यूनुसनी दुबईत राहून रत्नागिरीची आगोट केली होती. नवी कोरी रबरं मेमध्ये चढवली आणि जून ते सप्टेंबर उन्हात भाजून काढली. पाऊस आला तेव्हा त्यांत जीव उरला नव्हता.

साहेबानं दांडी टेबलावर आपटून सांगितलं होतं, "नेक्स्ट विंटर फिर ऐसा हुआ तो खलास. पहली बोट से बंबई."

बंबईची बोट म्हणजे नुसती नोकरी जाणं नव्हतं. गावी काम कुठलं? महिन्याभरात ते पुन्हा कुठल्यातरी जहाजावर चढले असते आणि मी पुन्हा पोस्टमनची वाट बघत ओटीवर बसले असते. नऊ महिन्यांचा संसार करून मी सहा वर्षं काढली होती. आणखी सहा काढायची माझ्यात ताकद नव्हती.

त्यात तो खैरुद्दीन. आमच्याकडचाच, राजापूरचा, दुसऱ्या कंपनीत ड्रायव्हर. त्यानं यूनुसना 'मिरगाचा मिस्त्री' असं नाव पाडलं. दुबईतल्या देऱ्याच्या बाजारात आम्ही दोघं दिसलो की लांबूनच ओरडायचा, "काय मिस्त्री, मिरग कधी?" यूनुस मान खाली घालून पुढे जायचे. मला त्याच्या डोक्यात बादली घालावीशी वाटायची.

पुढच्या एप्रिलमध्ये मी दोरीवरचे कपडे काढत होते. माझ्या एका ब्लाउजच्या बाह्यांना इलॅस्टिक होतं, ते पार सैल पडलेलं. ओढलं तर कटकट तुटत गेलं. आता हे इलॅस्टिक मी रत्नागिरीच्या बाजारातून एकाच गुंडाळीचं आणलं होतं, आणि त्यातलं उरलेलं ट्रंकेत होतं. ते काढून ओढलं तर चटकन मागे आलं, अगदी दुकानातल्यासारखं. मी दोन्ही तुकडे हातात घेऊन तशीच वर्कशॉपकडे निघाले. बुरख्यातली बाई भर दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये आलेली बघून माणसं आपोआप बाजूला झाली.

"हे दोन्ही एका गुंडाळीचे," मी यूनुसना म्हटलं. "हा ट्रंकेत होता, हा दोरीवर. रबराला पाऊस नाही खात, ऊन खातं. तुम्ही उलटी आगोट करताय. इथं पावसासाठी नाही, उन्हासाठी बेगमी करायची."

ते तुकडे त्यांनी कितीदा ओढून पाहिले. मग म्हणाले, "हव्वा, पण नवी रबरं गेल्या महिन्यातच बंबईहून आलीत. पुढची एकदम वर्षानं येणार."

"कुठे ठेवलीत?"

त्यांनी पत्र्याच्या गोदामाकडे बोट केलं. मी आत डोकावले आणि लगेच बाहेर आले. तंदूरची भट्टी बरी.

त्या संध्याकाळी बारा रबरं माझ्या घरी आली. यूनुस म्हणाले, टायरच्या ट्यूबला चिकटू नये म्हणून खडूची भुकटी लावतात. खडू नव्हता. ईदसाठी जपून ठेवलेला माझा पावडरचा डबा होता. तो अख्खा संपला. रबरं पुसून, पावडर लावून, सरळ ठेवून जुन्या साडीत गुंडाळली आणि कोरड्या मडक्यात घातली. मडकं पाण्याच्या माठाशेजारी, ओल्या वाळूत अर्धं पुरलं. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात सगळ्यांत थंड जागा वायपरांना होती. आम्ही दोघं घामानं निथळत बाजूला झोपायचो.

पण उन्हाळ्यात गाडीला वायपर नको असं नाही. पहाटे समुद्रावरून असं दव येतं की काच आंघोळ केल्यासारखी ओली होते आणि वर धूळ बसून तिचा लेप होतो. त्यासाठी यूनुसनी जुनी कडक रबरं कापून घासून परत लावली आणि ड्रायव्हरांना ताकीद दिली, की कोरड्या धुळीवर वायपर कोणी चालवायचा नाही. आधी डब्यातलं पाणी, मग ओलं फडकं, मगच बटण. गाडी उभी केली की दांडी काचेपासून उचलून ठेवायची. त्या उचललेल्या दांड्यांसाठी मी पांढऱ्या मांजरपाटाच्या टोप्या शिवल्या, बारीक नाडीच्या.

लोक हसले नसते तरच नवल. सहा गाड्या टोप्या घालून नमाजाला उभ्या असल्यासारख्या दिसायच्या. खैरुद्दीन मुद्दाम वाट वाकडी करून बघायला आला. म्हणाला, "मिस्त्री, सुंता कधी?" त्या दिवशी यूनुस घरी आले आणि म्हणाले, टोप्या काढून टाकू. मी म्हटलं, "टोप्या काढा आणि बोटीचं तिकीटही काढा." टोप्या राहिल्या.

एक नोव्हेंबरला सकाळी आम्ही मडकं उकरलं. रबरं मऊ, काळीभोर. यूनुसनी बाराही चढवली आणि वर टोप्या घातल्या.

आणि पाऊस आला नाही. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला, जानेवारीत नुसती धूळ. साहेब गाडीजवळून जाताना टोपीकडे बघायचा, मग आभाळाकडे, आणि निघून जायचा. मी नमाजानंतर पाऊस मागायचे. झापांची छपरं गळतील म्हणून शेजारणी पाऊस नको म्हणत होत्या आणि मी एकटी उलट.

चौसष्टच्या फेब्रुवारीत एका शुक्रवारी साहेबाला अजमानपलीकडच्या कॅम्पवर जायचं होतं. त्याचा ड्रायव्हर तापानं आडवा, म्हणून यूनुस गाडी घेऊन निघाले. अजमानला माझी मैत्रीण मैमुनाबी बाळंतीण झाली होती. साहेबानं मला मागच्या बाकावर बसायची परवानगी दिली. जाताना आभाळ निळंभोर होतं. परतताना दुपारी समुद्राकडून काळं येऊ लागलं. सबखावर आलो आणि पहिले थेंब पडले. काचेवरच्या धुळीचा चिखल झाला. पुढचं दिसेना.

"वायपर!" साहेब ओरडला. "यल्ला, वायपर चलाओ!"

यूनुसनी गाडी थांबवली आणि शांतपणे खाली उतरले.

"क्या करता है? पानी चढ़ेगा, यहाँ फँस जाएगा!"

"एक मिनिट, साहब. काच पहले धोने का."

त्यांनी टोप्या काढून खिशात घातल्या, डब्यातलं पाणी काचेवर ओतलं, फडक्यानं चिखल उतरवला आणि दांड्या खाली टेकवल्या. साहेबाचा चेहरा लालबुंद झाला होता. मी मागे बसून अल्लाचं नाव घेत होते. यूनुस चढले आणि त्यांनी बटण दाबलं.

पहिली फेरी. दुसरी. गेल्या वेळी इथंच खेळ आटोपला होता. तिसरी, चौथी. दोन्ही रबरं काचेला चिकटून, आवाज न करता, डावीउजवीकडे फिरत होती. समोर सगळा सबखा स्वच्छ दिसला, आधीच्या चाकांच्या घट्ट खुणांसकट. साहेब पुढे वाकून एकटक बघत राहिला. मला रडू फुटलं, ते बुरख्यानं झाकलं.

पाऊस वाढला. पुढे एक टॅक्सी रुतलेली दिसली, तिच्यातले तिघे आमच्या मागच्या बाकांवर आले. मग एक ट्रक, मग एक लँड रोव्हर दिशा चुकून गोल गोल फिरत असलेली. तिच्या खिडकीतून एक डोकं बाहेर आलेलं, दाढीत चिखल, एक डोळा मिटलेला. खैरुद्दीन.

"मिस्त्री!" तो ओरडला. "तुम्हाला दिसतंय?"

"सगळं दिसतंय," यूनुस म्हणाले. "माझ्या मागे लाग. चाकोरी सोडू नको."

अशा सहा गाड्या आमच्या मागे लागल्या. प्रत्येकीच्या खिडकीतून एक भिजलेलं डोकं बाहेर आणि नजर आमच्या पाठीवर. मिरगाचा मिस्त्री सगळ्यांच्या पुढे! वरातीत नवरदेव जातो तितक्या सावकाश आणि तितक्याच रुबाबात त्यांनी ती रांग सबखा ओलांडून शारजाच्या घट्ट जमिनीवर आणली. रांगेतली एकही गाडी मागे राहिली नाही.

तिथे सगळ्या गाड्यांचे ड्रायव्हर उतरले. खैरुद्दीननं पुढे येऊन वायपरवर बोट फिरवलं आणि विचारलं, "मिस्त्री, हे कुठून आणलंत?" त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. साहेबही उतरून काचेजवळ उभा राहिला.

"यूनुस," तो म्हणाला, "व्हेरी गुड आइडिया."

यूनुसनी सगळ्यांसमोर, सहाही गाड्यांच्या ड्रायव्हरांसमोर, मान वर करून सांगितलं, "साहब, मेरा आइडिया मई वाला था. ये आइडिया मेरी बीवी का है."

साहेबानं मागे माझ्याकडे बघून हॅट काढली. मग यूनुसकडे वळून म्हणाला, "तीन साल का नया कॉन्ट्रॅक्ट. विथ फॅमिली."

तीन वर्षं. रजेवर आलेला पाहुणा नाही, पत्रातलं अक्षर नाही, रोज संध्याकाळी दारातून आत येणारा नवरा. सलग तीन वर्षं. मी त्या मागच्या बाकावर, तीन परक्या पुरुषांच्या देखत, मोठ्यानं हसले. यूनुसनी वळून माझ्याकडे पाहिलं, आणि भर पावसात उभे राहून तेही हसायला लागले.