त्यातल्या त्यात बरा

“माका सोबत नको, रामचंद्रा. तू भायर रव.”

गंगाबाईंचा आवाज बारीक होता, पण खाटेजवळ पेन घेऊन वाकलेला त्यांचा मुलगा जागच्या जागी थांबला. त्याने विनिताकडे पाहिलं.

“मॅडम, घरातल्यान मत मारलेला चलता ना? ती अठ्ठ्याऐंशी वर्सांची असा.”

“त्यांना दिसत नसेल किंवा हात चालत नसेल, तरच,” विनिता म्हणाली.

“माका दिसता,” म्हातारी म्हणाली. “आनी काल तांदूळ कोणी निवडले?”

पंच्याऐंशीच्या पुढच्या मतदारांची मतं घरी जाऊन घेणाऱ्या पथकात विनिताची नेमणूक झाली होती. बरोबर एक सहकारी, एक पोलीस आणि चित्रीकरण करणारा एक माणूस. सकाळपासून चार घरं झाली होती, इब्रामपूरचं हे पाचवं. मागच्या चारही घरांत मुलगा नाहीतर सून बोट ठेवून दाखवायला टपलेलीच होती. कोणी म्हातारं ‘बाहेर राहा’ म्हणालं नव्हतं.

रामचंद्राने तिला सोप्यावर बोलावलं. तो पन्नाशी उलटलेला, सुपारीच्या बागेत राबून हात काळे पडलेला माणूस होता.

“माझा चेडू गौरवी,” तो आपल्या मुलीविषयी खालच्या आवाजात म्हणाला, “आरोग्य केंद्रात कंत्राटावर असा. आता जो निवडून इलेलो असा ना, तेना लावल्यान. जूनात परत सही होवची असा. तेचो माणूस रोज येता. ‘आवशीचा मत आमकाच ना?’ इचारता. काय सांगू?”

“कोणाला दिलं ते कोणालाच कळत नाही. लिफाफा बंद होतो.”

“तां खरां. पण म्हातारेचो काय नेम? ती माझ्यासारखी भियाना नाय.”

तो आत आला नाही. सोप्याच्या खांबाला टेकून उभा राहिला. वाईट माणूस नव्हता तो, नुसता घाबरलेला होता. विनिताला त्याचा राग आला नाही.

तिने खाटेवर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला आणि मतपत्रिका गंगाबाईंच्या हातात दिली. म्हातारीने ती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, चिन्हं ओळखली. मग आडोशावरून मान वर काढली.

“बाय, खरे दोघेच ना? बाकीचे उगाच.”

“मला बोलता येत नाही, आज्ये.”

“ह्यांतलो कमी वायट खयचो?”

“तेही सांगता येत नाही.”

“तुका म्हायती नाय की सांगूक येना नाय?”

विनिताला हसू आलं. “दोन्ही,” ती म्हणाली.

पण ते हसू टिकलं नाही. हा प्रश्न तिचाच होता. ती डिचोलीजवळच्या मुळगावची. तिच्या वडिलांच्या शेतात खाणीवरची माती वाहून आली ती एका आमदाराच्या काळात, आणि तशीच पडून राहिली ती दुसऱ्याच्या काळात. वडील दोघांच्याही दारात जाऊन आले होते. दोघांनीही चहा पाजला होता. वडील गेल्यापासून विनिताने मत दिलं नव्हतं. दर वेळी निवडणुकीचं काम मात्र ती चोख करायची. कर्मचाऱ्यांची टपाली मतपत्रिका घेण्याचा दिवस यायचा आणि तिला काहीतरी दुसरं काम निघायचं. ‘दगड काय आणि धोंडा काय,’ असं ती कोणी विचारलंच तर म्हणायची.

“असाच एकदा झाला होता,” गंगाबाई सांगू लागल्या. कागद मांडीवर होता, पेन बोटांत. सहकाऱ्याने घड्याळ पाहिलं. विनिताने त्याला हातानेच थांबवलं. “पंचायतीक दोघे उभे होते. एक सावकार माणूस, पण गेटीत कुत्रो. दुसरो दारुडो. घोवान सांगल्यान, सावकाराक मत मार. मी दारुड्याक मारलंय.”

“का?”

“तेच्या दारात कुत्रो नव्हतो. मी म्हटलंय, जेका जावन गाळी घालूक येतत, तो बरो.” त्यांनी दम खाल्ला. “तोच निवडून इलो. पावसात व्हाळावरचो पूल गेलो. चार दिवस रोज सकाळी, तो शुद्धीत असताना, जावन गाळी घातलंय. पाचव्या दिसा माडाचे ओंडके घातल्यान.”

“मग पूल झाला म्हणायचा.”

“खयचो! दोन वर्सांनी तोय व्हावन गेलो.”

 म्हणजे शेवटी काही उपयोग नाहीच, असं विनिताच्या मनात आलं आणि ते तिच्या चेहऱ्यावरही दिसलं असावं.

“दोन वर्सां काय कमी?” म्हातारी म्हणाली. “त्या दोन वर्सांत माझा चेडू लक्ष्मी शाळेत गेला. पलीकडे होती ना शाळा. वाचूक शिकला. पूल गेलो म्हणान वाचूक थोडाच इसारला!”

मग त्या आडोशामागे वाकल्या. बराच वेळ काही हललं नाही. सोप्यावर रामचंद्र दोनदा खाकरला. शेवटी त्यांनी स्वतःच घडी घातली, लिफाफ्यात सारली आणि डिंकाची कड ओली करायला पाणी मागितलं. लिफाफा पेटीत पडल्यावर त्यांनी विनिताचा हात आपल्या हातात घेतला.

“थकलंय गो,” त्या म्हणाल्या. “मत मारूनसुद्धा माणूस थकता.”

सहा दिवसांनी विनिता पेडण्याच्या कार्यालयात याद्या तपासत बसली होती. टपाली मतं द्यायचा तिच्यासारख्यांचा तो शेवटचा दिवस होता, आणि ती दुपारपर्यंत खुर्चीतून उठली नव्हती. शिपाई सांगत आला की, इब्रामपूरचा एक माणूस बाहेर उभा आहे, बोलावलं तरी आत येत नाही.

व्हरांड्याच्या खाली, उन्हात, रामचंद्र उभा होता. डोकं भादरलेलं.

“सुतक असा,” तो म्हणाला. “भायरच रवतंय. आवय गेली, मॅडम. परवा पहाटे. त्रास काय झालो नाय.”

विनिता पायऱ्या उतरून खाली आली. 

“एक इचारूचा होता,” तो म्हणाला. “गावात एकान सांगल्यान, माणूस मेलो काय तेचा मत काडून टाकतत. खरां?”

“नाही. त्यांनी दिलं तेव्हा त्या होत्या. ते मोजलं जाणार.”

“नक्की?”

“नक्की.”

त्याने मान खाली घातली. “तो माणूस काल समाचाराक इलो होतो. तेवाय इचारल्यान. मी सांगलंय, माका ठावक नाय. खरांच ठावक नाय. सांगल्यानच नाय तिना.” मग तो म्हणाला, “खयच्याकय आसूंदे. तिचा मोजूक होया. तेवढ्याच खातीर इलंय.”

“आणि गौरवी?”

“बगू,” तो म्हणाला. “ती म्हणता, बाबा, तू भियां नको.”

विनिताने पाणी आणते म्हटलं. त्याने नको म्हणून हात हलवला आणि तो गेटकडे निघाला.

साडेतीन वाजले होते. विनिता टेबलाकडे परत गेली नाही. मागच्या इमारतीतल्या मतदान सुविधा केंद्रात गेली, ओळखपत्र दाखवलं, मतपत्रिका घेतली. आडोशामागे उभं राहून तिने तिच्या डिचोलीकडच्या त्याच दोन आमदारांची नावं पाहिली. एकही नाव आवडण्यासारखं नव्हतं. सगळ्यांत खाली ‘यापैकी कोणीही नाही’ होतं. तिथे पेन नेलं आणि काही क्षण तिथेच धरलं. मग तिने विचार केला, या दोघांपैकी कोणाच्या दारात आपल्याला भांडता येईल? वडिलांनी शेतातल्या मातीबद्दलच्या अर्जाची प्रत दोघांनाही दिली होती. एकाने ती परत पाठवली होती, ‘नाही’ लिहून, पण सही करून. दुसऱ्याचं काहीच आलं नव्हतं. एवढाच फरक. बारीक होता, पण होता. तिने खूण केली.

बाहेर आली तेव्हा रस्त्यापलीकडच्या थांब्यावर इब्रामपूरची बस लागली होती. रामचंद्रही तिथे होता. आपला कोणाला स्पर्श होऊ नये म्हणून तो माणसांपासून दोन हात दूर, उन्हात उभा होता. बायका चढल्या, पिशव्या चढल्या, कॉलेजची मुलं चढली. सगळे आत गेल्यावर तो शेवटी चढला, आणि मागच्या दाराशी, अंग चोरून, दांडी धरून उभा राहिला.