साखरबाईचं नवं जाळं आणि मी धामण

मित्रांनो, मी एक धामण आहे. सात फूट लांब, पिवळसर अंगाची, आणि विष म्हणाल तर थेंबभरही नाही! तारापूरच्या बाजूला, भाताच्या बांधातल्या बिळात मी अंड्यातून डोकं काढलं. आई नव्हती, ऊन होतं. आधी बेडकांवर वाढले, मग उंदरांवर. कात टाकली की नवी कोरी! आणि काय पळते मी! गवत हलतं न हलतं, तोच मी चिकूच्या शेंड्यावर!

परवा सकाळी एका गलेलठ्ठ उंदरामागे मी कोळीवाड्यात शिरले. साखरबाई कोळणीच्या अंगणात नवं जाळं पसरलेलं होतं. उंदीर त्यातून पार झाला, मी अडकले. वळवळले तसा नायलॉनचा धागा मानेत रुतला. पोटात अंडी होती हो माझ्या! भीतीने मी गळा फुगवला, गुरगुरले.

“आये, मागं हो! नाग हाय!” तिचा मुलगा दर्पण वल्हं घेऊन धावला.

“फणा कुठं हाय तिला? धामण हाय. पोट बघ, अंड्यांवर आलीय बिचारी.”

शेजारची जमना ओरडली, “साखरबाय, शेपटी मारील! हात सुकंल तुझा!”

“चाळीस वर्सं बोंबलांसंगं उन्हात हाय मी. अजून काय सुकायची राहिलेय गो?”

सगळे हसले. पण सुरी उचलली आणि साखरबाई थबकली. जाळ्याला कालच हळदकुंकू लागलं होतं. पहिली फेरी होईपर्यंत त्याला सुरी लावायची नाही, लावली तर होडीवर संकट येतं, अशी त्यांच्या घरची समजूत.

“आये, उद्या ह्ये जाळं घेऊन होडीत मीच जायचा हाय,” दर्पण हळूच म्हणाला.

माझा श्वास तुटत होता.

“जाळं जीव धरायला असतं, पन खायचा तेवढाच,” साखरबाई म्हणाली. “हिला काय आपण खानार हाव? आन् तुजं जुनं जाळं कुरतडलं कुणी? उंदरानंच ना?”

दर्पणने वल्हं खाली ठेवलं. दोन्ही हातांनी जाळं ताणून धरलं.

“काप.”

कच्! कच्! सुटले मी, सुटले!

दुसऱ्या दिवशी भोक सांधून होडी गेली. संध्याकाळी दर्पण धडधाकट परत आला.

मित्रांनो, जाळी जमिनीवर पसरून ठेवू नका, गुंडाळून उंच टांगा. आमच्यातलं कुणी अडकलेलं दिसलं तर काठी शोधू नका. सर्पमित्राला हाक मारा.

आणि हो, अंडी घातली. चांगली तेरा! उंदरांनो, आता तुम्ही जपून राहा!