पाणी ओतायच्या आधी

मी क्लिप बोलतेय. केसांतली नव्हे, दोरीवर कपड्यांना लावतात ती तर नव्हेच. पोशीर गावच्या सदूभाऊंच्या मोठ्या आतड्यात बसलेली, नखाएवढी, धातूची.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. जाग आली तेव्हा मी बंद पाकिटात होते आणि वर लिहिलं होतं, एकदाच वापरा. त्याचं मला वाईट वाटलं नाही. मला फारसं काही वाटतच नाही.

कर्जतच्या एका दवाखान्यात डॉक्टर निवेदिताबाईंनी दुर्बीण घालून सदूभाऊंच्या आतड्यातली गाठ काढली, पुढेमागे तिचा कॅन्सर होऊ नये म्हणून. जखम मोठी राहिली, त्यात सदूभाऊंना हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू. मग बाईंनी जखमेच्या कडा जुळवल्या आणि आम्हा तिघी क्लिपांना चिमट्यासारखं लावून टाकलं. बाहेर येऊन त्यांनी आनंदीबाईंना, म्हणजे सदूभाऊंच्या बायकोला, समोर बसवून सांगितलं, की रक्त आठ-पंधरा दिवसांनीही येऊ शकतं. दुखणार नाही, तरी लाल-काळं दिसलं की लगेच या.

आतड्याच्या अस्तराला कापलेलं कळत नाही. मी चावा धरलाय ते मला कळत नाही. दोघंही बधिर, एकमेकांना धरून. घरी भेटायला येणारे मात्र पोट दुखतं का, एवढंच विचारायचे. सदूभाऊ नाही म्हणाले, की चहा पिऊन निर्धास्त जायचे.

आठवड्याभराने आमच्यातली एक सुटली. कुणाची चूक नव्हती. जखमेचं एक टोक उघडलं आणि रक्त वाहू लागलं. मी माझी कड धरून होते. पलीकडे माझा हात पोचत नव्हता.

सकाळी संडासात सदूभाऊंनी लाल पाहिलं आणि बादलीभर पाणी ओतलं. आपली मूळव्याध जुनीच, अधूनमधून दिसायचंच, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. दुपारी पुन्हा लाल, पुन्हा बादली. असलं काही बायकोला सांगायचं म्हणजे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं. मी ओरडले असते. पण माझं तोंड फक्त मिटण्यासाठी आहे.

संध्याकाळी ओट्यावरून उठताना त्यांनी खांब धरला. आनंदीबाईंनी ते पाहिलं. ते संडासात गेले तशा दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

"पाणी ओतू नका. मला बघू द्या."

"बघायसारखं काय हाय त्यात? जा गं तू."

"लगीन झाल्यापासून तुमचं समदं मीच बघतेय. दार उघडा."

आत बादली खाली टेकली. मग कडी निघाली.

मुलाने, जितेशने, गाडी काढली. कर्जतला डॉक्टरबाईंनी पुन्हा दुर्बीण घालून उघडं टोक नव्या क्लिपने मिटवलं, रक्त चढवलं. सकाळवर ढकललं असतं तर कठीण होतं, म्हणाल्या.

आता जखम भरलीय. काम झालं की आम्ही आपोआप गळून पडतो, तशी आज मीही सुटून संडासात पडले. जाताना एवढंच मागते, की दुखत नाही म्हणून गाफील राहू नका. आधी बघा.

दाराबाहेरून आनंदीबाईंचा आता रोजचा झालेला आवाज आला, "झालं का? बघू."

सदूभाऊंनी मुकाट्याने कडी काढली. आनंदीबाई वाकल्या. मी समोरच होते, पण त्या लाल शोधत होत्या.

"साफ हाय," त्या म्हणाल्या. "ओता."

सदूभाऊंनी बादली उचलली.